वापरायच्या पाण्यात काय असतं?

प्रश्न : आम्ही खडकी बाजाराजवळ एका जुन्या इमारतीत राहतो. घरात दोन नळ आहेत. प्यायच्या पाण्याचा सकाळी तासभर येतो. वापरायच्या पाण्याचा, म्हणजे बोअरचा, दिवसभर. बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे थर चढतात, साबणाला फेस येत नाही, गिझर टिकत नाही. सध्या मुलगी बाळंतपणाला आली आहे. बाळ दोन महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून पावडरचं दूध सुरू केलंय. दुपारी नळाचं पाणी संपलं की बोअरचंच पाणी चांगलं खळखळून, आटवून घेतो. परवा आरओ विकणारा मुलगा आला. त्याने पाण्यात मीटर बुडवला. नळाच्या पाण्यात आकडा दोन अंकी, बोअरच्या पाण्यात पाचशेच्या वर. म्हणाला, ‘आजी, हे विष पिताय.’ शेजारच्यांचं म्हणणं, बादलीवरचं पांढरं म्हणजे नायट्रेट आणि ते दारूगोळा कारखान्यातून येतं. यातलं खरं काय?
— एक आजी, खडकी

उत्तर : आजी, बाकीचं नंतर बोलू, आधी बाळाचं पाणी बदला. आजच. सकाळच्या नळाचं पाणी स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात वेगळं काढून ठेवा, ते उकळा आणि बाळाच्या दुधाला दिवसभर तेच वापरा. बोअरचं पाणी बाटलीत नको. आटवलेलं तर मुळीच नको.

उकळण्याचा सल्ला चुकीचा नाही. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांच्यापासून त्याने आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या वाचवलं आहे. पण उकळल्याने मरतात ते जंतू. पाण्यात जे विरघळलेलं असतं ते पातेल्यातच राहतं आणि वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी. समजा, लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं एक लिटर पाणी तुम्ही आटवून पाऊण लिटर केलंत. आता त्याच पाण्यात लिटरमागे ५३ मिलिग्रॅम झालं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात प्यायच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. त्या मानकात बऱ्याच घटकांना दोन आकडे असतात : एक हवा तो, आणि दुसरा, जवळपास दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्यायचा. नायट्रेटला चालवून घ्यायचा आकडाच ठेवलेला नाही.

त्याचं कारण तुमच्या नातवंडाएवढी बाळं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं आणि मग त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्या माणसाचं शरीर ही गडबड निस्तरून टाकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाकडे ती तयारी अजून झालेली नसते. ओठ, नखं निळसर पडतात, बाळ मलूल होतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी बाळं निळी पडत होती आणि त्या विहिरी गोठ्यांच्या, शौचखड्ड्यांच्या शेजारी होत्या. वेळेवर दवाखान्यात नेलं तर यावर हमखास इलाज आहे. त्या औषधाचं नाव मिथिलीन ब्लू. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध, हा वैद्यकातला एक अजब योग. आईने बोअरचं पाणी प्यायलं तर अंगावरच्या दुधातून नायट्रेट बाळाकडे फारसं जात नाही, त्यामुळे त्या बाजूची धास्ती नको.

तुमच्या बोअरमध्ये नायट्रेट आहेच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. तपासणी होईपर्यंत ते नाही असं मात्र धरू नका.

आता बादलीवरचं पांढरं. ते नायट्रेट नाही, याची मी खात्री देतो. नायट्रेटचे नेहमीच्या पाण्यातले सगळेच क्षार पाण्यात इतके सहज विरघळतात की ते बादलीला चिकटून बसतच नाहीत. तो थर आहे चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यावर लिंबू पिळून बघा, फसफसेल. खडकीच्या खाली, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली, काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांमधून पाणी वर्षानुवर्षं झिरपतं तेव्हा ते त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलत जातं. असं पाणी जड होतं. त्यात साबण फाटतो, डाळ शिजायला वेळ लागतो, गिझरच्या कॉइलवर कवच चढतं. नळाचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं. सह्याद्रीच्या उतारावर पडलेला पाऊस दगडावरून धावत धरणात उतरतो, त्याला क्षार उचलायला सवडच मिळत नाही. म्हणून ते पाणी गोड आणि मीटरवरचा आकडा छोटा.

जड पाण्याने गिझर मरतो, माणूस मरत नाही. बादली निदान आपला दोष कबूल तरी करते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, त्या प्रमाणात चवही नाही.

मीटरवाल्या मुलाचं अर्धं बरोबर, अर्धं धंद्याचं. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा अंदाज सांगतो. ते क्षार चुन्याचे, मिठाचे की नायट्रेटचे, हे त्याला कळत नाही. तीनशे आकड्याच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या बाहेर असू शकतं आणि आठशेच्या पाण्यात नावालाही नसू शकतं. टीडीएसची हवी ती मर्यादा ५०० आहे, पर्यायच नसेल तर २०००. त्यामुळे पाचशेच्या थोडं वर गेलेल्या पाण्याला विष म्हणणं ही नुसती विक्रीची भाषा झाली. उलट तुमच्या नळाच्या पाण्याला आरओची गरजच नाही. जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला बजावलं होतं, कारण आरओ जेवढं पाणी शुद्ध करतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा शहरभर लोक आरओ घ्यायला धावले. तिथे प्रश्न जंतूंचा होता, आणि त्याचं उत्तर पुरेसं क्लोरीन आणि उकळणं हे होतं. जंतूंचा इलाज आणि क्षारांचा इलाज यांची गल्लत करणं आपल्याला फार महागात पडतं. जिथे खरोखर नायट्रेट आहे तिथे मात्र कँडल फिल्टर, तुरटी, क्लोरीनचे थेंब, यूव्ही दिवा यांपैकी कशानेही ते हलत नाही. नेहमीच्या घरगुती साधनांत आरओच ते कमी करतो.

मग नायट्रेट येतं कुठून? कारखान्यावर संशय जाणं स्वाभाविक आहे. दारूगोळा कारखाना १८६९ पासून खडकीत आहे आणि दारूगोळा म्हटलं की नायट्रेट हे समीकरण मुळात खरंच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच खडकीच्या माळावर पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या तोफा धडाडल्या, त्यांच्या दारूत पाऊण हिस्सा सोरा होता. सोरा म्हणजे नायट्रेटच. पण तो सोरा मिळायचा कुठून? जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या, मूत मुरलेल्या जमिनीची माती खरवडून, धुऊन, आटवून. सोरा काढणाऱ्यांना शेकडो वर्षं जे माहीत होतं तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे : माणसं आणि जनावरं दाटीने राहतात तिथल्या जमिनीत नायट्रेट तयार होतं. कारखाना असो वा नसो.

हिशेब करून बघू. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण दहा ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. जमिनीतले जिवाणू त्याचं आधी अमोनिया आणि मग हवा मिळाली की नायट्रेट करतात. सगळ्याचं झालं तर ४४ ग्रॅम. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेने भागा. एका माणसाचा एका दिवसाचा नायट्रोजन गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी मर्यादेला टेकवू शकतो. ड्रेनेजची लाइन धड असेल तर हे सगळं दूर निघून जातं. ती फुटलेली असेल, चेंबर गळत असेल, अंगणाखाली जुना शोषखड्डा विसरला गेला असेल, तर ते मुरुमातून खाली उतरतं. मातीचे कण ऋणभाराचे असतात आणि नायट्रेटही ऋणभाराचं. माती त्याला धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर सरळ घसरतं. काळ्या पाषाणाच्या भेगांत एकदा उतरलं की तुमच्या बोअरच्या पंपाकडे जायला त्याला वाट सापडतेच.

म्हणून सोसायटीच्या सभेत ही कामं काढा. बोअरच्या तोंडाशी केसिंग किती खोल आहे आणि भोवतीचा सिमेंटचा कट्टा शाबूत आहे का ते बघा. बोअरच्या जवळपासचे ड्रेनेज चेंबर उघडून तपासा. पावसाचं पाणी जिरवायचं असेल तर गच्चीचंच जिरवा. पार्किंगमधून वाहणारं, चेंबरवरून उलटणारं पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे घाणीला आतला रस्ता खणून देणं. पुनर्भरणाचा खड्डा ड्रेनेजच्या चेंबरला खेटून घेतलेला मी एकापेक्षा जास्त इमारतींत पाहिलाय. भोक पाडायला सगळे पुढे असतात, गळका पाइप बदलायची वर्गणी काढताना मात्र सभेचा कोरम होत नाही.

आणि दोन पाणी एकत्र करायचा विचार आला तर तो आकड्यांवर करा, अंदाजावर नको. समजा, बोअरमध्ये ८० आहे आणि नळात ५. निम्मं-निम्मं मिसळलं तर साडेबेचाळीस, जेमतेम मर्यादेत. बोअरचा वाटा जरा वाढला की बाहेर. मोठ्या माणसांपुरतं हे चालेल. बाळासाठी नाही.

प्रश्न : आमची शेती दौंड तालुक्यात यवतच्या बाजूला, बेबी कालव्याखाली. पुण्याचं पाणी येऊ लागल्यापासून पाण्याची टंचाई नाही, पण विहिरीचं पाणी मचूळ झालंय. प्यायला जार आणतो. खालच्या अंगाचं एक वावर पांढरं पडायला लागलंय. ऊस पिवळा राहतो म्हणून युरिया वाढवला तरी फरक नाही. जिप्सम टाकू का?
— एक शेतकरी, दौंड

उत्तर : वरच्या आजींच्या मोरीत जे गेलं ते तुमच्याकडे पोचलं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. दापोडीला पवना मुळेत मिळते, मुळा खडकीला वळसा घालते, संगमावर मुठा येते आणि तिथून पुढे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचं सांडपाणी एका पात्रातून चालू लागतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून त्यातलं पाणी उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे तुमच्या बेबी कालव्यात, सोडतात. उरलेलं नदीने भीमेला आणि उजनीला. दर उन्हाळ्यात होळकर पुलाखाली मुळेवर जलपर्णीची हिरवी सतरंजी अंथरलेली दिसते, ती याच नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेली. उजनीचं पाणी हिरवं पडतं आणि तेच सोलापूरला प्यायला जातं.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांनी यातलं काय जातं, हे समजून घ्या. घाण कुजून प्राणवायू खाते ती घाण जाते, जंतू बरेच कमी होतात. अमोनियाचं रूपांतर झालं तर ते नायट्रेटमध्ये होतं. नायट्रेटला हवेत उडवून द्यायचं तर पुढे एक बिनहवेची पायरी लागते; तिथे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यात नवी केंद्रं उभी राहत आहेत, त्यांच्यात ही पायरी नीट चालते की नाही हे तुमच्या विहिरीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. मिठाचं मात्र कोणतंच केंद्र काही करत नाही. जेवणातलं मीठ, साबण, डिटर्जंट मिळून शहरातून एकदा फिरलेल्या पाण्यात लिटरला काहीशे मिलिग्रॅम क्षार वाढतात आणि ते तसेच तुमच्या पाटात येतात.

आता तुमचं वावर. क्षारपड आणि चोपण या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि जिप्सम फक्त दुसरीचं औषध आहे. वर पांढरी मीठफुटी येते, माती भुसभुशीत राहते, ती क्षारपड. ओली असताना चिखल पायाला चिकटतो, वाळली की दगडासारखी होते, पाणी वरच तुंबतं, ती चोपण. तिच्यात सोडियमने मातीचे कण विस्कटून टाकलेले असतात. तुमच्या वर्णनावरून पहिली दिसते. आधी मातीचा नमुना तपासून घ्या, मगच जिप्समला पैसे घाला. क्षारपडीवर एकच उपाय, मीठ धुऊन खाली काढायचं. आणि खाली निघायला वाट नसेल तर जितकं पाणी द्याल तितकी मीठफुटी वाढेल, कारण जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, पाणी उन्हाने उडतं आणि मीठ तिथेच थांबतं.

पुणे जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, बारामतीकडे ऊस आला आणि काही वर्षांतच कालव्याखालच्या जमिनी पाणथळ, खारवट होऊ लागल्या. इंजिनिअर विश्वेश्वरय्या पुण्यात असताना त्यांनी पाणी गटागटाने, पिकं फिरवून देण्याची ब्लॉक पद्धत याच कालव्यावर आणली. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या अशा प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरने दख्खनच्या कालव्यांखालचं पाणी साचणं आणि निचरा यांचा बारकाईने अभ्यास केला. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणजे त्याच विभागाचं आजचं रूप. आज तिथे धरणांची आणि बंदरांची मॉडेलं बघायला लोक जातात; त्या संस्थेचा जन्म दख्खनच्या कालव्यांच्या दुखण्यातून झाला, हे फारसं कुणाला आठवत नाही.

इंग्लिसच्या काळापासून निष्कर्ष एकच : निचरा. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि वर्षानुवर्षं पडीक राहिलेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. यात ‘एकत्र’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या एकट्याच्या वावरातलं पाणी काढलंत तर ते शेजाऱ्याच्या वावरात उतरेल. ओढ्यापर्यंत सगळ्यांची मिळून चारी किंवा पाइप लागतो.

युरियाचं मात्र उलट करा. तुमच्या पाण्यातच खत आहे. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम नायट्रोजन. त्या पाण्याचं एक मीटर उंचीचं सिंचन एका एकराला झालं तर चाळीस किलो नायट्रोजन शेतात पडला, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या युरिया, फुकट. ऊस वर्षाला याहून खूप जास्त पाणी पितो. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नायट्रोजनची आहे. पाण्यातला हिशेब त्यातून वजा न करता वर आणखी टाकलेला युरिया पिकाला मिळत नाही, तो विहिरीत उतरतो. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून तेवढ्या गोण्या कमी करा. पिवळेपणा बहुधा नायट्रोजनच्या कमतरतेचा नसून खारवट, हवा न मिळालेल्या मुळांचा आहे.

निचऱ्याचं मीठ शेवटी जातं कुठे, असं तुम्ही विचाराल. ओढ्यात, भीमेत, कृष्णेत. मिठाला खोऱ्याबाहेर पडायचा एकच दरवाजा आहे, समुद्र, आणि तोही वाहत्या पाण्याबरोबरच उघडतो. कृष्णेचं पाणी वाटेत इतकं वापरलं जातं की कोरड्या वर्षांत समुद्राला जवळजवळ काहीच पोचत नाही. पाणी अडवलं की मीठही अडतं. त्यामुळे मीठ शहरातच कमी पडू देणं, गरजेशिवाय पाणी मृदू करणारी यंत्रं न लावणं (त्या यंत्रांत पोत्याने मीठ ओततात), हे खडकीतलं काम आहे, दौंडमधलं नाही.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात याच दुखण्यावर एक नियम २०२० पासून लागू झाला आहे. क्षार आणि नायट्रेट पूर्ण काबूत यायला कित्येक दशकं लागतील, हे तिथल्या सरकारने मान्य केलं. पण ज्यांच्या सांडपाण्याने किंवा खताने शेजाऱ्याची विहीर नायट्रेटच्या मर्यादेबाहेर गेली, त्यांनी तोवर वाट बघायची नाही. शेजाऱ्याला प्यायचं चांगलं पाणी आधी पुरवायचं. माझं स्पष्ट मत आहे की पुणे आणि पिंपरी-चिंचवडने बेबी कालव्याखालच्या गावांना जारऐवजी नळाचं पाणी देणं लागतं. ते उपकार म्हणून नको, देणं म्हणून.

प्रश्न : मी मूळची अकोल्याकडची, खारपाण पट्ट्यातली. लग्न होऊन खडकीत आले तेव्हा इथल्या पाण्यात पहिल्याच शिट्टीला वरण शिजलं आणि मला रडू आलं होतं. आमच्याकडे विहीर आणखी खोल नेली तर गोडं पाणी का लागत नाही?
— एक वाचक, खडकी

उत्तर : कारण तुमच्या गावाखाली काळा पाषाण फार खोल आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर साठलाय, त्याला उतार नाही, निचरा नाही, आणि त्यात मुरलेलं पाणी मूळचंच खारं. तिथे खोल जाणं म्हणजे जास्त मिठाकडे जाणं. पुण्यात पाणी माणसाने बिघडवलं, तुमच्याकडे ते मुळातच तसं होतं. वर खताचं नायट्रेट आलं ते अलीकडचं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं, महाराष्ट्रात पस्तीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांत. सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांच्या यादीत सात आपले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

तिथे खरा उपाय ठरला तो लांबून आणलेलं गोडं पाणी. वान धरणावरची ८४ खेडी योजना आणि काटेपूर्णेच्या पाण्यावरची खांबोऱ्याची ६४ खेडी योजना, या प्रादेशिक योजनांची नावंच खेड्यांच्या संख्येवरून पडली आहेत. पाइप फुटला की एकाच वेळी डझनावारी गावं हंडे घेऊन बाहेर पडतात, हा त्यांचा दोष. गावोगावच्या आरओ केंद्रांचा दोष निराळा : कॅनमध्ये गोडं पाणी भरलं जातं आणि आधीपेक्षा खारं झालेलं उरलंसुरलं शेजारच्या नाल्यात सोडलं जातं. त्याच नाल्याचं पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत मुरतं. पावसाचं पाणी शेततळ्यात, छपराखालच्या टाकीत धरणं हे त्या भागात सगळ्यात शहाणपणाचं, कारण ढगाच्या पाण्यात मीठ नसतं आणि ते खारपाण मातीला लागायच्या आत पकडता येतं.

प्रश्न : आमच्या बोअरच्या अहवालात नायट्रेटपुढे ११ लिहिलंय. मर्यादा ४५. म्हणजे निश्चिंत ना?
— सोसायटीचे सचिव, खडकी

उत्तर : प्रयोगशाळेला फोन करा आणि विचारा, तो आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा. दोन्ही पद्धतींनी अहवाल लिहितात आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या आहेत : नायट्रेट म्हणून मोजलं तर ४५, नायट्रोजन म्हणून मोजलं तर साधारण १०. नायट्रेटचे ११ असतील तर पाणी चांगलं आहे. नायट्रोजनचे ११ असतील तर ते ४.४३ ने गुणा. उत्तर येतं ४८.७, आणि मग वरच्या आजींच्या बाळाचं पाणी तुमच्या बोअरमधून भरू नका. नमुना उन्हाळ्यात घेतला असेल तर पावसाळ्यातही एकदा घ्या. पहिल्या मोठ्या पावसाने जमिनीत साठलेलं नायट्रेट धुऊन खाली येतं. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा राज्य आरोग्य प्रयोगशाळेत करून मिळते. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच ती भरा आणि त्याच दिवशी पोचवा.